शेवट मी सोडून सगळ्यांनी बघितला

आधी माझ्याबद्दल चार ओळी, नाहीतर तुम्ही म्हणाल आला आणखी एक भुतंवाला. मी फिजिक्सचा बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथं दिवसभर काम एकच... समोरचा सांगतोय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, मोजून बघायचं. देवगाव रंगारीला आमच्या शेताच्या बांधावर एक चिंच आहे, तिच्यावर हडळ आहे म्हणतात. त्याच चिंचेखाली बसून मी दहावीचा अभ्यास केला, वर चिंचाही खाल्ल्या. हडळीनं कधी एक चिंच मागितली नाही. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते त्यातल्या चुका काढायला. आणि आता मलाच लिहायची वेळ आली. नुसता वैताग आहे.

जागा — छत्रपती संभाजीनगर, सातारा परिसर, आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. वेळ — रविवार, दुपारी साडेतीन ते साडेपाच. भर उजेडाची. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, बाल्कन्यांत आकाशकंदील तसेच लटकत होते.

आमच्या शेजारची सायली इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, या रविवारी आपण हॅलोविन करू. झालं! जाधववाडीच्या मंडीतून लाल भोपळे आणले, त्यांना डोळे कोरले. खरातकाका आमचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "भोपळ्याचे घारगे करतेत, हे काय तोंडं करून ठेवलीत." मग कुणीतरी म्हणालं, हॉरर पिक्चर लावू. मोबाईलवर एकेक नावं यायला लागली... सगळी रक्ताची, किंचाळ्यांची. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी लिहिलं, "भीती म्हणजे काय ते बघायचं असेल तर पिक्चर मी आणतो." तिथं फसलो.

पिक्चर जुना, इंग्रजी, कृष्णधवल. नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की लोक तो शोधून बघणार आणि 'यात तसा सीन नाही हो' म्हणून मलाच कळवणार. माहितीय मला, नाही. तेच तर सांगतोय!

गोष्ट थोडक्यात अशी. एका म्हाताऱ्या वकिलाच्या घरी एक मुलगी टायपिंगच्या कामाला येते. वरच्या मजल्यावर बोळाच्या टोकाला तिला एक दार दिसतं. ती विचारते, त्या दारामागं काय आहे? वकील म्हणतो, तिथं दार नाही, भिंत आहे. स्वयंपाकीण म्हणते, भिंत आहे. दूधवाला म्हणतो, भिंत आहे. आपल्याला, म्हणजे बघणाऱ्याला, दार स्वच्छ दिसतंय. मूठ दिसतेय, मुठीवरची धूळ दिसतेय. दीड तास हा खेळ. भूत नाही, रक्त नाही, साधं मांजरसुद्धा अंगावर उडी मारत नाही. शेवटी ती मुलगी दाराच्या मुठीवर हात ठेवते... आणि पडदा काळा. संपला पिक्चर. दार उघडतच नाही. वेडी कोण, ती का ते घर, हे घरी जाऊन आपण ठरवायचं. कॉलेजला असताना एका सरांनी भिंतीला चादर लावून तो दाखवला होता, तेव्हा आठ दिवस मला वसतिगृहाच्या बोळातून जाताना दारं मोजायची सवय लागली होती. त्यानंतर बारा वेळा बघितलाय. त्या न उघडलेल्या दारात त्या पिक्चरचा सगळा जीव आहे. दिग्दर्शकानं ते उघडलं असतं तर पिक्चर चार आण्याचा झाला असता.

आता अक्काबद्दल सांगावं लागेल, कारण तिच्यावाचून ही गोष्ट नाही.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, कन्नडला दिलेली, घरी ब्लाउज शिवते. त्या वर्षी भाऊबीजेला तिनं ओवाळलं, मी साडीची पिशवी पुढं केली, तर तिनं पिशवी बाजूला सारली.

"साडी नको बाळू. मला माझा दाखला काढून दे."

"कसला दाखला?"

"शाळा सोडल्याचा. मला सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. दहावीचा."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. मी तिला म्हणालो, अक्का, तुझं वय काय, आता दहावी करून कुठं कलेक्टर व्हायचंय? ती म्हणाली, "कलेक्टर नाय व्हायचं. दहावी पास म्हणून मरायचंय. कुटं बी कागद भरायचा म्हणलं की शिक्षणाच्या रकान्यात नववी लिवताना हात जड होतो."

नववीला अक्का वर्गात पहिली आली होती. त्याच उन्हाळ्यात आमच्या वडिलांनी, आण्णांनी, तिचा दाखला काढून आणला. का, ते नंतर सांगतो. तो दाखला पुढं घरात कुणी बघितला नाही. आण्णा, आई दोघंही गेले. शेतातल्या खोलीत ठेवलेल्या पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कणग्या, सगळं उलथंपालथं करून झालं होतं. दुसरी प्रत काढायला गावच्या शाळेत दोनदा गेलो. दिवाळीच्या सुट्टीत शिपायाला गाठून रजिस्टर उघडायला लावलं, तर त्या वर्षाची पानं वाळवीनं खाल्लेली. फॉर्मची मुदत, उशिराची धरूनसुद्धा, मंगळवारी संपत होती. म्हणून अक्का भाऊबीजेपासून आमच्याकडंच बसून होती, आणि रोज सकाळी चहाबरोबर मला विचारत होती, "काय झालं रं दाखल्याचं?" मी चिडत होतो. खरं सांगायचं तर चिडायचं दुसरंही कारण असेल. घरात शिकलेला एकटा असण्याची माणसाला सवय होते.

तर रविवारी हॉलमधे चाळीसेक माणसं. खिडक्यांना चादरी लावल्या, प्रोजेक्टर आणला, लॅपटॉप माझा, पेन ड्राइव्ह माझा. सुरुवातीला मी पाच मिनिटं बोललो — यात काय बघायचं, सावल्या कशा वापरल्यात, दार प्रत्येक वेळी थोडं जवळून कसं दाखवलंय. कुणी ऐकेल तर शपथ. सबटायटल्स इंग्रजीत, म्हणून मी दाराशी कडेला खुर्ची टाकून मराठीत सांगत होतो. पंधराव्या मिनिटाला खरातकाका मोठ्यानं, "भूत कधी येतं हो?"

"भूत नाही यात काका."

"मग हॅलोविनला कशाला लावला? त्यापेक्षा जागरण-गोंधळ ठेवला असता."

मागून दुसऱ्या मजल्यावरच्या शबानाभाभी, "भाईसाब, वो बुड्ढा झूट बोल रहा ना? दरवाज़ा तो दिख रहा!" मी म्हटलं, भाभी, तेच तर आहे, बघा पुढं. माझी बायको रेखा चिवड्याच्या प्लेटा फिरवत पडद्यासमोरून चारदा गेली. अक्का मात्र पहिल्या रांगेत, पदर आवळून, एकटक. एकदाच म्हणाली, "त्या पोरीला कुणी खरं का सांगंना?"

पाच वाजता हॉल गप्प झाला. शेवटची पाच मिनिटं राहिली होती. ती मुलगी बोळात आली. ज्यासाठी मी एवढा आटापिटा केला तो क्षण... आणि वॉचमन दारातून, "सायेब, टँकर आलाय."

आमच्या शहरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नळाचं पाणी येईल तेव्हा येईल, पण टँकरवाला दोन मिनिटांवर थांबत नाही, पुढच्या सोसायटीला निघून जातो. आणि सोसायटीच्या पाण्याचं काम कुणाकडं? माझ्याकडं. टाकीच्या झाकणाची चावी? माझ्या खिशात. मी खरातकाकांकडं बघितलं, ते पडद्याकडं बघत होते. दात-ओठ खात गेलो. झाकण उघडलं, टँकर भरलेला आहे का ते काठी घालून बघितलं, पाइप सोडला, परत आलो तर हॉलमधे टाळ्या वाजत होत्या. पडदा काळा.

माझा राग गेला. म्हटलं, चला, कळला लोकांना.

सायली धावत आली. "काका, एंड काय जबरदस्त आहे! मला वाटलंच नव्हतं दार उघडेल."

"उघडत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"दार उघडत नाही सायली. ती मुठीवर हात ठेवते आणि संपतो."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली जसं काही मीच पिक्चर बघितला नाही. "काका, उघडतं ना. ती आत जाते."

खरातकाका म्हणाले, "तेवढा सीन मात्र मानला बुवा तुमचा."

शबानाभाभी, "खुला ना भाई! सबने देखा."

मला वाटलं चेष्टा चाललीय. मग मी माझ्या पद्धतीनं घेतलं. एकेकाला बाजूला नेऊन विचारलं, दुसऱ्यासमोर नाही. कंपनीत करतो तसं. सात जणांना विचारलं. सातही जणांनी एकच सांगितलं. दार उघडतं. आत लहानशी खोली, खूप उजेड. समोरच्या भिंतीवर फक्त एक फोटो. ती मुलगी फोटो उतरवते, उलटा करते, मागचा पुठ्ठा सोडवते आणि त्यातून घडी घातलेला कागद काढते. कागदात काय ते दिसत नाही. ती छातीशी धरते, बस.

"फोटो कुणाचा?"

सायली म्हणाली, काळ्या झग्यातला तरुण. खरातकाका म्हणाले, जज्ज असेल. शबानाभाभींना तो पाद्री वाटला. एक सात वर्षांची पोरगी म्हणाली, जादूगार, चौकोनी टोपीवाला.

मी सगळ्यांना परत बसवलं. म्हटलं, थांबा, दाखवतो. शेवटची पाच मिनिटं पुन्हा लावली. मुलगी बोळातून आली, मुठीवर हात ठेवला, पडदा काळा. संपला. मी विजयी मुद्रेनं वळलो, तर खरातकाका म्हणतात, "हा दुसरा आहे. मघाचा लावा."

"मघाचा हाच आहे! एकच फाइल आहे!"

"मग कापला असेल चुकून. असू द्या, होतं असं," म्हणून माझ्या पाठीवर थाप मारून गेले. चिवडा संपला होता, लोकही गेले. सगळ्यांना पिक्चर आवडला होता. आवडला तो त्यात नसलेल्या सीनमुळं! कुणाला त्याचं काही नवल नाही, कारण सगळ्यांनी पहिल्यांदाच बघितलेला. नवल फक्त ज्यानं बारा वेळा बघितलाय त्याला, आणि नेमका तोच खाली टँकरात काठी घालत होता. पिक्चरमधे ती पोरगी एकटी म्हणते दार आहे, आणि सगळं घर म्हणतं नाही. इथं सगळी सोसायटी म्हणते उघडलं, आणि मी एकटा नाही म्हणतोय. बसा आता.

घरी आलो. मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन फाइल पुढं-मागं करत होतो. अक्का जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत टीव्हीकडं घेऊन गेली.

आमच्या टीव्हीच्या वर माझा फोटो आहे. पदवीचा. पदवीदानाला काही मी गेलो नव्हतो. कन्नडच्या स्टुडिओत भाड्याचा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून काढलेला आहे. आण्णांनी स्वतः हौसेनं फ्रेम करून आणला होता, अंगठेबहाद्दर माणूस, पण एस.टी.त तो फोटो मांडीवर घेऊन आला आणि भेटेल त्याला दाखवला. गावचं घर विकलं तेव्हा मी तो इथं आणला. वीस वर्षांत कुणी उघडलेला नाही.

अक्का खुर्चीवर चढली आणि फोटो काढायला लागली.

"अक्का, काय करतेस?"

"वैनी, सांडशी आन गं."

"फुटंल तो! अक्का!"

"फुटंना का. पिच्चरमधी बघितलं नाय का तुझ्या?"

मी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. "काय बघितलंस तू?"

"तुझा फोटो की. झग्यातला. हाच."

"अगं तो इंग्रजी पिक्चर आहे, त्यात माझा फोटो कसा असेल?"

"मला काय म्हाईत? तूच लावला, तूच घातला असशील. आजकाल मोबाइलवर काय बी घालता येतं म्हणं. मला वाटलं दाखला घावलाय तुला, आन् गंमत करून सांगतोयस."

तिनं सांडशीनं बारीक खिळे उपसले. गंजलेले, एकेक कुरकुरत निघाला. पुठ्ठा सुटला. पुठ्ठ्याच्या आणि फोटोच्या मधे, चौघडी घातलेला, पिवळा पडलेला कागद. शाळा सोडल्याचा दाखला. शिक्का आहे, मुख्याध्यापकाची सही आहे, अक्काचं माहेरचं पूर्ण नाव आहे.

रेखा म्हणाली, शेवटी मी प्लेटा गोळा करत होते, फोटो नीट बघितलाच नाही. अक्कानं तो स्वतः वाचला, मोठ्यानं, बोट ठेवून, प्रत्येक रकाना. अभ्यासातील प्रगती — उत्तम. वर्तणूक — उत्तम. मग तिनं बोट खालच्या रकान्यावर आणलं. शाळा सोडण्याचे कारण — घरगुती अडचण.

घरगुती अडचण त्या वेळी चौथीत होती. आण्णांना एकाचंच पुढचं शिक्षण झेपणार होतं, आणि कुणाचं, यावर आमच्या घरात चर्चा झालीच नव्हती. मी लॅपटॉप बंद केला.

"आण्णांनी जपून ठेवला होता बघ," अक्का म्हणाली.

मला तसं वाटत नाही. फ्रेमवाले फोटोला मागून आधार म्हणून जाड कागद घालतात. फ्रेमवाल्यानं मागितला असेल आणि आण्णांनी पेटीतला हाताला लागला तो जाड कागद दिला असेल. वाचता येत नव्हतं त्यांना. हे मी अक्काला बोललो नाही. पण खरंही असेल तिचं... आमच्याकडं महत्त्वाचे कागद देवाच्या फोटोमागं ठेवायची पद्धत होतीच. आण्णांच्या लेखी माझा तो झग्यातला फोटो देवाहून कमी नव्हता. भराव म्हणून घातला का जपून ठेवला, हे आता सांगणारं कुणी नाही. एक कोडं सोडवायला गेलो आणि दुसरं गळ्यात पडलं.

फॉर्म सोमवारी भरला. मुदतीच्या एक दिवस आधी.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं माझं स्वतःला म्हणून झालंय. अक्काला आधीच माहीत असेल? माहीत असतं तर देवगावला दोनदा माझ्याबरोबर उन्हात हेलपाटे कशाला मारले असते? आणि तिला माहीत होतं असं धरलं तरी बाकीच्यांचं काय? शबानाभाभी कधी आमच्या घरात आलेल्या नाहीत. कुणी फाइल बदलली? पेन ड्राइव्ह माझ्या खिशातून थेट लॅपटॉपला लागला. कंपनीतल्या आयटीच्या पोराकडून तपासून घेतला. तो म्हणाला, एकच फाइल, कधी हात लागलेला नाही. सामूहिक भास? आमच्या घरच्यांखेरीज हॉलमधल्या एकाही माणसाला तोवर अक्काच्या दाखल्याचं माहीत नव्हतं.

आणि एक गोष्ट अजून आहे. सायलीनं शेवटची दोन मिनिटं मोबाइलवर शूट केली होती. पडदा नाही, लोकांचे चेहरे — ग्रुपवर टाकायला. तिनं ते मला चार दिवसांनी पाठवलं. मूळ पिक्चर जिथं काळा होतो तिथं हॉलमधे अंधार व्हायला पाहिजे. व्हिडिओत नेमक्या त्या जागी सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड येतो. पांढरा, वाढत जाणारा. कुणीतरी म्हणतं, "उघडलं, उघडलं!" खरातकाकांचा घास तोंडाशी थांबलेला. अक्काचा हात हळूच तोंडावर जातो. त्या वेळी दाराशी माझी रिकामी खुर्ची दिसते. तेवढा व्हिडिओ मी कितीदा थांबवून बघितलाय, मोजदाद नाही. उजेड कुठून आला ते सापडत नाही. फिजिक्स घेऊन पदवी काढलेला माणूस मी.

अक्का बीजगणितात एकदा गेली, जुलैत निघाली. पास झाल्याचं तिनं मला फोनवर नाही सांगितलं. कन्नडहून एस.टी.नं आली, गुणपत्रिका फ्रेम करूनच, मांडीवर घेऊन. टीव्हीच्या वर माझ्या शेजारी स्वतःच्या हातानं खिळा ठोकला. माझा फोटो थोडा डावीकडं सरकवावा लागला.

यंदा सायलीनं पुन्हा विचारलंय, हॅलोविनला तोच पिक्चर लावा ना काका, दार उघडतं तो. मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. मग होय म्हणालो, एका अटीवर. त्या दिवशी टाकीची चावी खरातकाकांकडं राहील. टँकर येवो नाहीतर विहीर चालून येवो, मी खुर्चीवरून उठणार नाही.

बायको म्हणते, "तुम्ही बसलात तर उघडायचं नाही ते."

मलाही तेच वाटतं, आणि त्याचाच जास्त वैताग येतो.